चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे

गुरूभाऊ राऊतांनी साखर सोडली ती सगळ्या राजोडीला कळली, कारण गुरूभाऊंना कुठलीही गोष्ट गुपचूप करता येत नाही. आगाशीच्या नाक्यावरच्या चहावाल्याला त्यांनी बजावलं, की यापुढे आपला चहा बिनसाखरेचा आणि दूधही नावापुरतंच. शेजारच्या पूजेत प्रसादाचा शिरा तळहातावर घेतला, डोळ्यांना लावला आणि सरळ बाजूच्या माणसाच्या द्रोणात टाकला. बिस्किटांचा डबा घराबाहेर गेला, गुळाची ढेप वरच्या फळीवर गेली. माणूस पासष्टीचा, पण नवं दप्तर मिळालेल्या पोरासारखा या पथ्याने हुरळून गेला होता.

त्याआधी मात्र त्यांची पाचावर धारण बसली होती. पावसाळा सरला तेव्हाची गोष्ट. बांबूचं एक जाडसं कुसळ त्यांच्या तळपायात शिरलं आणि त्यांना पत्ताच लागला नाही. ते आपले घरभर फिरत राहिले आणि मागे लादीवर रक्ताचे ठसे उमटत गेले. ते शांताबाईंनी पाहिले.

"अवो, उभे राहा तिथंच. पाय बघू तुमचा."

तपासणीत साखर निघाली, ती पण चांगली मुरलेली. गुरूभाऊंच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यात गुडघ्याखाली कापावा लागला होता. शेवटची वर्षं तो पडवीत खुर्चीत बसून वाडीकडे नुसता बघत असे. गुरूभाऊंना मरणाची फारशी भीती नव्हती, त्या खुर्चीची होती. पाय गेला तर मांडवावर कोण चढणार, एवढा एकच प्रश्न त्यांना पडला.

मांडव म्हणजे सुकेळ्यांचा मांडव. घरामागे नारळी-सुपारीच्या रांगा संपतात तिथे मोकळ्या जागेत तो उभा आहे. पुरुषभर उंच, बांबूचा, वर गवताची बिछायत, चढायला शिडी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि या मांडवावर ओळीने उन्हात मांडायची. संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हाला. दोन-तीन उन्हं खाल्ली की केळ्याच्या अंगातून मध सुटतो, आणि आठवडाभरात हातभर वाटणारं केळं आक्रसून बोटाएवढं, तांबूस, चिकट होतं. मग केळीच्या बुंध्याच्या वाळक्या सोपटात बांधून त्याची गाठोडी करायची. पूर्वी इथल्या बहुतेक वाड्यांत असे मांडव असत. आता कुठे ऊन अडवणाऱ्या इमारती आल्या, कुठे माणसंच उरली नाहीत. गुरूभाऊंनी तीस वर्षं वसईला वीज कंपनीच्या कचेरीत नोकरी केली, पण मांडव एकही हंगाम रिकामा ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर तर त्यांचं दुसरं लग्नच लागलं त्याच्याशी, असं शांताबाई म्हणायच्या.

डॉक्टर फेलिशिया यांचा दवाखाना वसईला. बाई तरुण, इथल्याच, बोलणं मऊ पण पक्कं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि घरचंच जेवण नीट बसवून दिलं. आधी भाजी, मग डाळ किंवा मासळी, भात शेवटी आणि मूठभर. मासळी तळलेली नको, कालवणातली चालेल. दोन भाकऱ्यांची एक करायची. रात्रीचं जेवण लवकर, आणि जेवल्यावर आडवं न होता थोडं चालायचं. पायात चप्पल हवी, अगदी वाडीतसुद्धा, आणि झोपण्यापूर्वी तळपाय आरशात बघायचे.

गुरूभाऊंनी हे सगळं साहेबाच्या हुकमासारखं पाळलं. शांताबाईंनी अळू, पडवळ, शेगटाच्या शेंगा यांचा रतीबच लावला. सकाळी ते राजोडीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालायला जाऊ लागले. शनिवार-रविवारी तिथे आलेल्या शहरी पोरांना, बाबांनो, एवढी वडापावची पुडकी कशाला, असं न विचारता सांगू लागले. पोट उतरलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. ते भोक त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर साखर होती त्याहून थोडी वरच.

गुरूभाऊंचा चेहरा पडला. शांताबाईंचा मात्र चढला. एवढं राब राब राबून वेगळं रांधायचं आणि हा माणूस बाहेर जाऊन खातो, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचेना. फुलपाड्याहून मुलाचा, यतीनचा, फोन आला. तोही म्हणाला, "बाबा, खरं सांगा हं, नाक्यावर जिलेबी मारता ना?" त्या दिवसापासून शांताबाई सदऱ्याचे खिसे तपासायला लागल्या. एकदा गुरूभाऊंनी ते पाहिलं.

"शांता, खिशात काय शोधतंस?"

"कागद."

"कसला कागद?"

"चॉकलेटचा, पेढ्याचा, तुमालाच ठावं."

गुरूभाऊंनी सदरा परत खुंटीला अडकवला आणि ते वाडीत निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाने कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता घरात आपल्यावर पाळत आहे हे त्यांच्या जिव्हारी लागलं. ते दोन दिवस मुकाट जेवले, मुकाट मांडवावर चढले, मुकाट उतरले. शेवटी म्हणाले, "उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊ. तू पण चल. त्यांच्यासमोर काय ते विचार."

जाताना मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून त्यांनी सुकेळ्यांचं एक गाठोडं पिशवीत टाकलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, वजन पाहिलं आणि त्यांनाही कोडं सुटेना. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते विचारलं. गुरूभाऊंनी इमानदारीत सगळं सांगितलं, मध्ये एकदा दोन काजू जास्त खाल्ले होते तेसुद्धा. शांताबाईंना खोट काढायला जागाच मिळाली नाही.

"इन्सुलिन सुरू करावं लागेल असं दिसतंय, काका," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्यात घाबरू नका. पण साखर अशीच राहिली तर पायांना धोका आहे, ते तुम्हाला माहीत आहे."

गुरूभाऊंच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. काही सुचेना म्हणून त्यांनी पिशवीतलं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. "राहिलंच. तुमच्यासाठी आणलीत. घरची हायत."

"अय्या, सुकेळी! माझी आजी आणायची." डॉक्टरांनी एक तोडून तोंडात टाकलं. "काय सुंदर झालीत. बरोबर वाळलीत हे तुम्हाला कळतं कसं?"

आता हा प्रश्न गुरूभाऊंना विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. दुखणं विसरून ते खुर्चीत पुढे सरकले. "त्यात बघा, डोळ्याचं काम नाय, बोटाचं पण नाय. जिभेचं काम. रांगेच्या या टोकाचं एक उचलायचं, मोडायचं, जिभेवर ठेवायचं. मग मधलं. मग त्या टोकाचं. ऊन सगळीकडे सारखं नसतं ना. आत जरा ओल राहिली तर चव आंबूस लागते. माझ्या बापानं शिकवलं मना."

"किती रांगा असतात?"

"हंगामात दहा-बारा."

"आणि हे रोज?"

"रोज संध्याकाळी. दुपारी एक फेरी."

"चाखून थुंकता का?"

गुरूभाऊंना धक्काच बसला. "डॉक्टरबाई, अन्न हाय ते! थुंकायचं कसं?"

शांताबाईंनी हळूच कपाळावर हात मारून घेतला. गुरूभाऊ एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"पण ते खाणं थोडंच हाय," ते म्हणाले. "चाखणं हाय. आणि साखरेचा कण नाय त्यात. वाडीतलं फळ, वर ऊन, बस."

"साखर घालत नाही हे खरंय, काका. पण केळ्यात आधीच असते ना. पाणी उन्हात उडून जातं, ती तशीच राहते. मोठं केळं बोटाएवढं झालं म्हणून गोडवा कमी होत नाही. एखादं सुकेळं कधीतरी खाल्लं तर गोष्ट वेगळी. तुम्ही रोज फणीभर केळी चाखून मग जेवायला बसता, आणि जेवणात भात मोजता."

गुरूभाऊंना कोणी इतक्या गोड आवाजात कधी उघडं पाडलं नव्हतं. डॉक्टरांनी मांडव बंद करा असं सांगितलं नाही. करा, विका, पण तोंडात घालू नका, एवढंच सांगितलं. इन्सुलिन तीन महिने लांबणीवर टाकलं.

परतीच्या रिक्षात शांताबाई म्हणाल्या, "मी गुळाच्या ढेपेवर डोळ्यांत तेल घालून बसले, आणि तुमी माझ्यासमोर शिडीवर चढत होतात. मना पण नाय सुचलं. उगाच तुमच्या खिशात हात घातला. चुकलं माझं."

"माझं तरी कुठं डोकं चाललं?" गुरूभाऊ म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. साखर कुठून येते हे कळलं त्याहून जास्त, बायकोला आपण पुन्हा खरे वाटलो याचं बरं वाटलं.

पण हे बरं वाटणं चारच दिवस टिकलं. न चाखता मांडव कसा चालवायचा? पहिल्या तोडीला त्यांनी बोटाने दाबून अंदाज केला. रंग पाहिला, वास घेतला, उन्हाकडे धरून बघितलं आणि गाठोडी बांधली. आठवड्याने सोडली तर निम्मी आतून बुरसलेली. अख्खा घाणा केळीच्या बुंध्यांशी खत म्हणून गेला. दुसऱ्या वेळी भीतीने दोन उन्हं जास्त दिली, तर सुकेळी अशी वातड झाली, की दारचा कुत्रासुद्धा चघळून कंटाळला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी यंदा आणखी माल नाही असं सांगून टाकलं.

त्यानंतर एका सकाळी शांताबाई चहाचा कप घेऊन मागे आल्या, तर गुरूभाऊ मांडवाच्या दोऱ्या सोडत होते.

"हे काय चाललंय?"

"बंद करतो. जिभेशिवाय होत नाय हे काम, आणि जीभ लावली तर पाय जातो. बापाला काय सांगायचं ते वर गेल्यावर सांगेन." एवढं बोलून ते खालीच बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

शांताबाईंनी कप शिडीच्या पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी चाखते."

"तू? नको, नको. एकाचं दुखणं पुरे हाय घरात. रोज रोज चाखशील, हात थांबायचा नाय तुझा. माझा थांबला काय?"

"माझा थांबेल."

"सगळे असंच म्हणतात."

"अवो, थांबेल म्हणजे थांबेल. मना सुकेळी आवडतच नाय."

गुरूभाऊंना वाटलं, बायको धीर द्यायला थाप मारते आहे. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आवडत नाय?"

"नाय. कदीच नाय आवडली. मिट्ट गोड, दाताला चिकटतात. लग्न होऊन आले त्या दिवशी तुमच्या आईनं एक हातावर ठेवलं. सगळे टकामका बघत होते, कशी वाटली म्हणून. मी म्हटलं, छान हाय. आता एकदा छान म्हटल्यावर पुढं काय बोलायचं?"

गुरूभाऊ सुन्न झाले. त्यांच्या घरात हंगामाचं पहिलं गाठोडं सुटलं, की प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायची रीत. शांताबाईंनी आपल्या वाट्याचं दरवेळी यतीनला दिलं होतं, आणि तो मोठा झाल्यावर नातीला, पूर्वीला. गुरूभाऊंनी ही गोष्ट गावभर सांगितली होती. माझ्या बायकोनं आयुष्यात एक सुकेळं पोटभर खाल्लं नाही, सगळं लेकरांच्या तोंडात घातलं. यतीनच्या लग्नात तर त्यांनी व्याह्यांसमोर हे सांगताना रुमाल काढला होता.

"तेव्हा पण नाय बोललीस?"

"तुमी रडत होतात. कसं बोलू?"

त्यावर दोघंही हसली. गुरूभाऊंनी सोडलेल्या दोऱ्या पुन्हा बांधायला घेतल्या.

त्या संध्याकाळपासून मांडवाखाली नवा कारभार सुरू झाला. गुरूभाऊ वर चढून रांगेतलं एकेक उचलायचे, खाली सुपात द्यायचे. शांताबाई नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवायच्या, औषध घेतल्यासारखं तोंड करायच्या, गटकन पाणी प्यायच्या आणि निकाल द्यायच्या. उरलेलं परत रांगेत. पहिल्याच दिवशी वाद झाला. गुरूभाऊंच्या मते माल तयार होता, शांताबाई म्हणाल्या, अजून एक ऊन. गुरूभाऊंचा हात सवयीने सुपाकडे गेला.

"हात धुऊन या," शांताबाई म्हणाल्या.

ते गेले, हात धुतले, आणि चूळही भरून आले. माल आणखी एक ऊन खाऊन उतरला. गाठोडी महिनाभर ठेवली तरी एकाला बुरशी नाही. गोडाचा मोह नसलेल्या जिभेला आतली आंबूस ओल पटकन सापडत होती, एवढं गुरूभाऊंना कबूल करावं लागलं. त्यांनी ते शेजाऱ्यांकडे कबूल केलं, नाक्यावर कबूल केलं, आणि सगळ्यात शेवटी बायकोकडे.

संध्याकाळची चाखण्याची वेळ त्यांना सुरुवातीला फार जड गेली. तोंडाला पाणी सुटायचं. मग त्या वेळेला शांताबाईंनी त्यांना मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि काकडी द्यायला सुरुवात केली. हळूहळू ते अंगवळणी पडलं. अंधार पडायच्या आत जेवण, आणि मग दोघं चपला घालून वाडीच्या कुंपणापर्यंत जाऊन यायची. आधी गुरूभाऊ एकटेच शतपावली करत. आता मांडवाची चर्चा राहिलेली असायची, म्हणून शांताबाईही निघायच्या.

एप्रिलमध्ये पुन्हा रिपोर्ट आला. साखर उतरली होती. पार उतरली नव्हती, पण इन्सुलिन टळलं, आणि डॉक्टरांनी तळपायाला पेनाचं टोक टेकवलं तेव्हा गुरूभाऊंनी "आई गं" म्हटलं. इतक्या आनंदाने कोणी आई गं म्हटलेलं डॉक्टरांनी ऐकलं नसावं.

ते एकटेच गेले होते. परत येताना वसईच्या बाजारात मिठाईच्या दुकानासमोर पाय आपोआप थांबले. चांगली बातमी आली की पेढे न्यायचे, हे हाडीमाशी भिनलेलं. पण पेढे न्यायचे कुणाला? आपल्याला चालत नाहीत, आणि तिला गोड आवडत नाही. मग तिला आवडतं काय? गुरूभाऊ दुकानासमोर उभे राहून आठवत राहिले. तिच्या हातचं काय काय आपल्याला आवडतं ते भराभर आठवलं. तिला काय आवडतं ते काही केल्या आठवेना. चाळीस वर्षं एका घरात जेवलो आणि हे आपल्याला माहीत नाही, याची त्यांना भर बाजारात लाज वाटली. ते रिकाम्या हाताने घरी आले.

रिपोर्ट ऐकून शांताबाईंनी देवापुढे हात जोडले. मग गुरूभाऊ म्हणाले, "शांता, तुला काय आवडतं?"

"कशात?"

"खायला. मना ठाऊक नाय. खरंच ठाऊक नाय."

शांताबाई पदराशी चाळा करत राहिल्या. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. "आंबट," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या मागच्या झाडाचे रायआवळे. मीठ लावून. दुपारी तुमी झोपलात की मी खाते."

गुरूभाऊंनी मागच्या दारातून झाडाकडे पाहिलं. मांडवाला लागून असलेलं ते रायआवळ्याचं झाड दुपारनंतर दोन रांगांवर सावली टाकायचं. दर हंगामाला ते तोडायचं म्हणून ते कोयता काढायचे, आणि शांताबाई दरवर्षी काहीतरी सबब सांगून आड यायच्या. कधी म्हणे पाखरं बसतात, कधी म्हणे आज अमावास्या. गुरूभाऊ चिडायचे आणि तिला मांडवातलं काही कळत नाही म्हणून पुढच्या वर्षावर टाकायचे.

ते उठून मागे गेले. फांदी वाकवून ओंजळभर रायआवळे काढले, धुतले, बशीत घातले, वर मीठ टाकलं आणि बशी तिच्यापुढे ठेवून शेजारी बसले. शांताबाईंनी एक तोंडात टाकला. त्यांचे डोळे बारीक झाले आणि चेहरा असा खुलला, की तसा तो सुकेळ्याने कधी खुलल्याचं गुरूभाऊंना आठवेना.

"पावसाळ्यानंतर मांडव नवा बांधायचाच हाय," गुरूभाऊ म्हणाले. "चार हात पलीकडं घेऊ."